तीस एकर जमीन असूनही वेठबिगार? १३०० सालच्या इंग्लंडमधल्या कुळाचा हिशेब जुळत नाही

करवीर_रंगमंच (प्रश्न)

मंडळी, आमची हौशी नाट्यसंस्था आहे, कोल्हापुरातली. यंदा स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवतोय. जागा मध्य इंग्लंडमधलं एक खेडं, काळ १३०० ते १३१७. नायक बांधील कूळ आहे, म्हणजे जमीनदाराला विचारल्याशिवाय गाव सोडू न शकणारा.

अडचण अशी, की वाचावं तिथं लिहिलेलं सापडतं की पूर्ण कुळाकडे तीस एकर जमीन असायची. करवीर, कागल, शिरोळ, कुठंही तीस एकरवाला म्हणजे मोठा बागायतदार. आमच्या प्रेक्षकांत निम्मे लोक शेतकरी घरातले असणार. तीस एकरवाला भाकरीला महाग दाखवला तर पहिल्या प्रवेशातच त्यांचा विश्वास उडेल. तर नेमकं विचारायचंय ते असं :

तीस एकरांतून घरात किती धान्य यायचं? जमीनदाराकडे किती दिवस राबायचं आणि कशाकशाचे पैसे भरायचे? घर, जेवण, कपडे रंगमंचावर कसे दाखवावेत? खर्च फार करता येणार नाही. आणि संहितेत जमीनदाराच्या ‘पहिल्या रात्रीच्या हक्का’चा एक प्रवेश आहे, तो ठेवावा का?

---

जुना_सातबारा

तुमची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर हिशेबातच आहे. तीस एकर हा आकडा खरा. त्याला व्हर्गेट म्हणत. गावागणिक तो चोवीसपासून चाळीसपर्यंत बदलायचा, तिथला एकरही थोडा कमीजास्त असायचा. आपण तीसच धरू.

पहिली गोष्ट, तीन-शेती पद्धतीत दरवर्षी तिसरा हिस्सा पड ठेवायचा. म्हणजे पिकाखाली वीस एकर. दहा एकरांत ऑक्टोबरात पेरलेला गहू किंवा राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य), दहा एकरांत मार्चमध्ये पेरलेलं जव आणि ओट.

आता उतारा पाहा. विंचेस्टरच्या बिशपच्या जमिनींचे हिशेब १२०८-०९ पासून टिकून आहेत. त्यांत गव्हाचं उत्पन्न बियाण्याच्या साधारण चौपट निघतं. एकरी दोन बुशेल बी पेरायचे. बुशेल हे पायलीसारखं भरून मोजायचं माप, म्हणून धान्यागणिक त्याचं वजन बदलतं. गव्हाचा बुशेल म्हणजे ढोबळमानाने २७ किलो. म्हणजे एकरी ८ बुशेल, सव्वादोन क्विंटलही नाही. आज आपल्याकडे बागायती गहू एकरी दहा-बारा क्विंटल होतो.

दहा एकर गहू : ८० बुशेल. त्यातून चर्चचा दशांश ८, पुढच्या वर्षीचं बी २०. उरले ५२, म्हणजे १४ क्विंटल.

पाच एकर जव : याला बी जास्त लागतं, एकरी ४ बुशेल. उत्पन्न १४ धरलं तर एकूण ७०. दशांश ७, बी २०, उरले ४३, साधारण साडेनऊ क्विंटल.

पाच एकर ओट : ५० बुशेल. दशांश ५, बी २०, उरले २५. ओट हलकं धान्य, वजनात जेमतेम साडेतीन क्विंटल.

दशांश कसा घेत हे नाटकात जरूर दाखवा. शेतातच दर दहावी पेंढी बाजूला निघायची, बियाण्याची वजावट न करता. चौपट उतारा असताना निव्वळ हाती येणारं तीन हिस्से असतं. त्यामुळे कागदावर दहावा भाग वाटणारा दशांश प्रत्यक्षात त्याहून जड जातो.

एकूण उरलं सुमारे १२० बुशेल. पाच माणसांच्या घराला वर्षाला चाळीस-पंचेचाळीस बुशेल लागतात. बाकीच्यातून खंड, दंड, दळणावळ, मीठ, लोखंड आणि जनावरांचं खाणं भागवायचं. म्हणजे साधारण वर्षी तीस एकरवाला उपाशी नव्हता. तो गावातला वरच्या फळीतला माणूस होता. १२७९ मध्ये राजाने काही परगण्यांत जमिनींची मोठी पाहणी केली. तिच्यात बांधील कुळांपैकी पूर्ण व्हर्गेट जेमतेम चौथ्या हिश्श्याकडे दिसतो. अर्धा व्हर्गेटवाले त्याहून जास्त, आणि उरलेल्यांत बहुतेकांकडे पाच-सात एकर किंवा नुसती झोपडीपुरती जागा.

माझं मत, नायकाला पंधरा एकर द्या. मग साधारण वर्षी ६० बुशेल हाती राहतात, घर खातं चाळीस-पंचेचाळीस, आणि जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींसाठी पंधरा उरतात.

त्यात दुष्काळाचं वर्ष आलं की काय होतं पाहा. तुमचा शेवट १३१७ आहे म्हणून सांगतो. १३१५ पासून सलग दोन वर्षं पावसाने पिकं कुजवली. समजा उतारा चौपटीवरून अडीचपटीवर आला. पाच एकर गव्हाचे ४० ऐवजी २५ बुशेल झाले. दशांश अडीच. बी मात्र पूर्वीइतकंच, दहा. उरले साडेबारा. चांगल्या वर्षी हेच २६ उरत होते. पीक तिसऱ्या हिश्श्याहून थोडंच जास्त घटलं आणि घरातलं धान्य निम्म्याहून खाली गेलं. बी खायचं की पेरायचं, हा प्रवेश तुमच्या नाटकाचा कणा होऊ शकतो.

भावही सांगून ठेवतो. एरवी आठ बुशेल गहू पाच-सहा शिलिंगला मिळायचा. त्या दिवसांत काही ठिकाणी तो वीस शिलिंगच्या वर गेला. मजुराची रोजची मजुरी होती एक-दीड पेनी आणि बारा पेनींचा शिलिंग. म्हणजे सव्वादोन क्विंटलसाठी एकशे साठ ते दोनशे चाळीस दिवसांची मजुरी.

---

तिफण_कुरी

वरचा हिशेब पटला. पण उतारा एवढा कमी का, हे प्रेक्षकांतले शेतकरी विचारणारच, म्हणून त्यावर लिहितो.

मूळ दुखणं खताचं. खताला जनावरं हवीत, जनावरांना हिवाळ्यात वैरण हवी, आणि वैरण येते नदीकाठच्या कुरणातून. ती कुरणं इतकी थोडी, की कुरणाचा एकर पिकाऊ एकराच्या दुप्पट-तिप्पट मोलाचा धरत. धान्याची भूक भागवायला गवताची जमीन नांगराखाली आणली की जनावरं कमी होतात, खत कमी होतं आणि उतारा आणखी घसरतो. तेराव्या शतकात लोकसंख्या वाढत गेली तसा बऱ्याच गावांचा पाय याच चक्रात अडकला.

त्यातही इंग्लंडच्या पूर्वेकडे, नॉरफोक-सफोकच्या भागात, कुळाची मेंढरं रात्री जमीनदाराच्याच रानात बसवायची असा हक्क होता. धनगराची मेंढरं चार रात्री आपल्या शिवारात बसावीत म्हणून आपल्याकडे काय खटपट करतात ते ठाऊकच आहे. तिथं लेंड्या कुळाच्या मेंढरांच्या आणि कस जमीनदाराच्या मातीला. तुमचं गाव मध्य भागात असेल तर हे सरसकट दाखवू नका.

दुसरं, नांगर. चिकण माती फोडायला लोखंडी फाळ आणि पुढे उभी सुरी असलेला, माती एका अंगाला पलटणारा जड लाकडी नांगर होता. मोठ्या औताला आठ बैल. कुळाकडे असायचे एक किंवा दोन, म्हणून चार-पाच घरांचा पैरा. पैऱ्यात ज्याचा बैल मेला त्याची पाळी मागं जाते, आणि ऑक्टोबरातली ओल कुणासाठी थांबत नाही. आठ बैलांचं औत वळवायला जागा फार लागते, म्हणून पट्टे लांबलचक, साधारण २२० यार्ड, आणि वळणाआधीच बैल कडेला घ्यायची सवय असल्याने पट्ट्यांना हलका बाक आलेला. तो बाक इंग्लंडमधल्या काही कुरणांत आजही जमिनीच्या उंचवट्यांवरून ओळखू येतो. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावात तर मोकळ्या शेतांची पद्धत अजून चालू आहे.

नेपथ्यात बांध दाखवू नका. एका कुळाची जमीन सलग नसायची. अर्ध्या-एक एकराचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले, दोघांच्या मध्ये फक्त एक सर, म्हणजे नांगराची चर. शेजाऱ्याने नांगरताना एक तास (नांगराची एक ओळ) जास्त घेतलं की भांडण थेट मॅनरच्या, म्हणजे जमीनदारीच्या, कचेरीत. आपल्या प्रेक्षकांना बांध कोरण्याचा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पट्टे असे मिसळलेले असल्याने पेरणी, कापणी, गुरं सोडणं सगळं गावाच्या नियमाने. कापणी संपली की सगळं शेत सगळ्यांच्या गुरांना मोकळं. त्याआधी जनावर पिकात शिरलं तर राखणदार ते कोंडवाड्यात घालणार.

तिसरं, तण. बी हाताने फेकून पेरायचे, ओळी नाहीत, त्यामुळे कोळपणं शक्यच नव्हतं. भांगलण माणसानेच, एका हातात बेचकं असलेली काठी आणि दुसऱ्या हातात लांब दांड्याचा आकडा घेऊन. बेचक्याने काटेरी तण दाबायचं, आकड्याने मुळाशी कापायचं. वॉल्टर ऑफ हेन्ली या तेराव्या शतकातल्या शेतीतज्ज्ञाचा सल्ला होता की २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाआधी काटे कापू नयेत, एकाचे दोन-तीन फुटतात. त्याचाच दुसरा हिशेब असा, की पेरल्याच्या तिप्पट गहू आला तर धान्याला भाव असल्याखेरीज पदरात काही पडत नाही. स्वतःच्याच रानातलं बी वर्षानुवर्षं वापरू नका, दुसऱ्या मातीतलं बदलून घ्या, असंही तो सांगतो.

पड जमीन म्हणजे मोकळी सोडलेली जमीन असं समजू नका. उन्हाळ्यात तिची दोनदा नांगरट व्हायची, तण मारायला. बिवड म्हणून वाटाणा, घेवड्याच्या जातीची शेंगपिकं काही गावांत वाढत होती, पण त्यांचं प्रमाण थोडं होतं.

---

कूळकायदा

देण्यांबद्दल आणि कचेरीबद्दल मी लिहितो, कारण इथंच बहुतेक नाटकं-सिनेमे घसरतात.

‘पहिल्या रात्रीचा हक्क’ काढून टाका, ठामपणे सांगतो. मॅनरच्या कचेरीच्या हजारो नोंदी आहेत, कोंबडीच्या दंडापर्यंतचे तपशील आहेत, आणि असा हक्क चालल्याचा भरवशाचा पुरावा नाही. खरं होतं ते मर्चेट : मुलीच्या लग्नासाठी जमीनदाराला द्यायची रक्कम. मुलगी गावाबाहेर दिली तर जास्त, कारण राबणारे हात आणि तिची पुढची लेकरं दुसऱ्याच्या जमिनीवर जातात. बापाने कचेरीत उभं राहून लेकीच्या लग्नाची रक्कम घासाघीस करत ठरवायची, हा प्रवेश त्या खोट्या प्रवेशापेक्षा कितीतरी बोचरा होईल.

वेठ दोन प्रकारची. एक आठवड्याची ठरलेली : भारी जमीनदारीत, विशेषतः मठांच्या जमिनीवर, पूर्ण व्हर्गेटमागे आठवड्याला दोन-तीन दिवस. अर्ध्या व्हर्गेटला साधारण त्याच्या निम्मी. दिवस म्हणजे बहुधा दुपारपर्यंतचं काम किंवा ठरवून दिलेलं काम, अमुक इतकी मळणी, तमुक इतकी नांगरट. कूळ स्वतःऐवजी मुलाला किंवा गड्याला पाठवू शकत होतं. दुसरी कापणीची जादा वेठ. हिच्यात जेवण जमीनदाराचं, पण नेमकी आपलं पीक उभं असतानाच घरातल्या सगळ्यांना जावं लागायचं. खरी चीड या दुसरीची. १३०० पर्यंत बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या वेठीऐवजी पैसे घेणं सुरू झालं होतं. म्हणून आधी तुमचं गाव कुणाच्या मालकीचं ते ठरवा. जुन्या मठाचं असेल तर वेठ भारी ठेवा.

आता मरणाचा प्रवेश. घरचा कर्ता मेला की जमीनदार सगळ्यात चांगलं जनावर घेणार. हेरियट म्हणत त्याला. त्यानंतर चर्चचा पाळक दुसऱ्या क्रमांकाचं घेणार, मेलेल्याने आयुष्यात दशांश चुकवला असेल त्याची भरपाई म्हणून. तुमच्या नायकाकडे दोन बैल असतील तर बापाच्या अंत्यविधीनंतर गोठ्यात एकही उरत नाही. वर मुलाने जमीन नावावर करून घ्यायची रक्कम वेगळी. आणि तिफण_कुरी यांनी सांगितलं तसं, बैल नाही म्हणजे पैऱ्यात जागा नाही. ही साखळी सलग दाखवा : प्रेत, दोन दावी सुटणं, कचेरी, आणि मग ऑक्टोबरची पेरणी.

दळणाचं असं, की जमीनदाराच्याच गिरणीत दळायचं आणि सोळाव्यापासून चोविसाव्या हिश्श्यापर्यंत धान्य तिथं सोडायचं. घरात जातं सापडलं तर दंड. सेंट अल्बन्सच्या मठात रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड या मठाधिपतीने १३३१ च्या सुमारास लोकांच्या जात्यांचे दगड जप्त करून मठाच्या दालनात फरशी म्हणून बसवले. १३८१ च्या उठावात गावकरी आत घुसले, फरशी उखडली, दगड फोडले आणि एकेक तुकडा आपापसात वाटून घेतला. तुमच्या काळानंतरचं आहे, पण जातं लपवण्याची भीती १३०० सालातही खरीच.

एक मोठी चूक टाळा : जमीनदाराला रोज चाबूक घेऊन उभा करू नका. तो बहुधा गावात राहतही नव्हता. रोजचा माणूस म्हणजे रीव्ह, आणि तो कुळांतूनच निवडलेला, स्वतः बांधील. त्याला वेठ किंवा खंड माफ, पण हिशेबात तूट आली तर भरून द्यायची त्यानेच. शेजाऱ्याकडून काम काढून घेणारा शेजारी. तुमचा खलनायक शोधत असाल तर तो असा गुंतागुंतीचा असू द्या. आणि कचेरीत निकाल रूढीवर चालायचा, गावचेच पंच शपथेवर सांगायचे की पूर्वापार काय चालत आलंय. त्यामुळे मनात आलं म्हणून कुळाला हुसकावणं जमीनदारालाही सोपं नव्हतं. उलट कूळ पळून एखाद्या सनदी शहरात वर्ष आणि एक दिवस राहिलं, तर ते मोकळं धरलं जाई.

---

करवीर_रंगमंच

तिघांचेही मनापासून आभार. पंधरा एकर पक्के, तो प्रवेश काढला, मर्चेट आणि दोन बैल आत घेतले. आता घर-कपडे-ताट राहिलं. आणि रीव्हला लिहिता येत होतं का? त्याच्या हातात वही द्यावी का?

---

नेपथ्य_शाहूपुरी

वही नको, दादा. रीव्हला सहसा लिहिता येत नसे. त्याच्या हातात काठी द्या. हेझेलच्या फांदीवर आडव्या खाचा करून ती उभी चिरत, एक भाग देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. हिशेबाला दोन्ही जोडले की खाचा जुळल्या पाहिजेत. आपल्याकडे बांबू नको, त्याची गाठ दिसते. शेवग्याची किंवा तुतीची सरळ फांदी चालेल, बोटभर जाड, वीतभर लांब. लेखनिक सप्टेंबरअखेर, मायकलमसच्या सणाला येणार आणि तोंडी हिशेब चामड्याच्या पानावर लिहून घेणार.

घर तुम्हाला स्वस्तात पडेल, कारण भिंत कुडाचीच आहे : फोकांची विण, वर माती, शेण आणि काडाचं लिंपण. छप्पर काडाचं, उतार चांगला तीव्र. एका खणाची लांबी साधारण पंधरा फूट आणि असे दोन-तीन खण. चूल जमिनीच्या मधोमध, धुराडं अजिबात नाही, धूर छपरातून झिरपतो. खिडकीला काच नको, लाकडी झडप. एका टोकाला जनावरं बांधलेली दाखवू शकता, काही भागांत तशी घरं होती.

ताटात पहिल्यांदा काय नको ते सांगतो : बटाटा, टोमॅटो, मका, मिरची. ही सगळी अमेरिकेतली, दोनशे वर्षं पुढची. टोपलीत कोबी, कांदा, लसूण, लीक (कांद्याच्या जातीची जाड पात) ठेवा. रोजचं जेवण म्हणजे जव किंवा ओटाची वाटाण्या-शेंगांबरोबर शिजवलेली घट्ट पेज आणि रायची किंवा मिश्र पिठाची काळसर पाव-भाकरी. डुकराचं खारवलेलं मांस थोडं. लाकडी वाडगा, लाकडी चमचा, प्रत्येकाच्या कमरेला आपापली सुरी. काटा नाही. पेयात जवाची एल, म्हणजे बिअरसारखं आंबवलेलं पेय. तिच्यात हॉप्स (बिअर टिकवणारी कडू फुलं) नसत, म्हणून चार-पाच दिवसांतच आंबट व्हायची आणि गावात सतत कुणीतरी ती करतच असायचं, बहुधा बायका. तयार झाली की दारावर फांदी बांधलेला बांबू... म्हणजे काठी लावायची आणि गावचा चव घेणारा येऊन पाहणार.

कपड्यांना जाड लोकर, न रंगवलेली. कोल्हापुरात याची सोय घरच्या घरी आहे, पट्टणकोडोलीच्या यात्रेत मिळणाऱ्या घोंगड्या. काळ्या टाळा, करडी-तपकिरी घ्या. गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, कमरेला दोरी, आत पांढरा जाडाभरडा सदरा, डोक्याला खांद्यावर उतरणारी टोपी. बायकांचे केस झाकलेले. बटणं नकोत, गळ्याशी नाडी बांधा. घोंगडी अंगाला टोचते आणि दिव्यांखाली घाम फार येतो, म्हणून आतला सदरा सुती आणि लांब बाह्यांचाच शिवा.

पायात कोल्हापुरी चालणार नाही, तळ आणि पट्टे लगेच ओळखू येतात. तिथले जोडे मऊ चामड्याचे, आतून शिवून मग उलटवलेले, घोट्यापर्यंत, टाच नसलेले. कातडं झाडाच्या सालीने कमावलेलं असायचं, त्यामुळे आपल्या चर्मकारांकडचं रासायनिक नसलेलं, बाभळीने कमावलेलं कातडं रंगाला अगदी जवळ जातं. तेच मागा, फक्त पातळ.

मळणीला बैलांची पात दाखवू नका. हिवाळाभर कोठारात काठीने झोडपत. पाच फुटांचा दांडा, तीन फुटांचा टोला, मध्ये चामड्याची सैल कडी. दोघं समोरासमोर उभे राहून आळीपाळीने मारतात. तालमीत दोघांत किमान आठ फूट अंतर ठेवा आणि टोला हलक्या लाकडाचा करा, कडी तुटली तर तो थेट पहिल्या रांगेत जातो. चामड्याच्या कडीला आतून नायलॉनची दोरी घालून घ्या.